भवानी पेठ ते करवीर : हिवाळी स्वारीचे शास्त्र

हिवाळ्यात सहलीला कुठे जावे, हा प्रश्न सोलापूरकराने आधी विचारूच नये. आधी कधी जावे ते ठरवावे लागते, कारण इथला हिवाळा आखूड आणि त्यात कार्यक्रम फार. डिसेंबर लागला की हुरड्याची बोलावणी येतात. भवानी पेठेत ज्या घराची वीतभरही शेती नाही, त्याच्याही कुणा साडूचे रान निघतेच, आणि हुरडा चुकवणाऱ्याबद्दल पेठेत पुढचा हुरडा येईपर्यंत बोलले जाते. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होमविधी, शोभेचे दारूकाम. यातले एकही टाकून गाव सोडता येत नाही. नंदीध्वज पेलणाऱ्यांची तर महिनाभर आधीपासून तालीम चाललेली असते. त्यानंतर होम मैदानावरचा गड्डा. पोरे पाळण्यात बसून, मौत का कुआँ बघून, चिरमुरे-भज्यांनी तृप्त होईपर्यंत महिना सरत येतो.

वजाबाकी केली की हाती राहतात ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. योगायोग असा की नेमक्या याच तीन दिवशी कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मुहूर्त आपोआप निघाला. आता फक्त निघायचे.

कोल्हापूर सोलापूरच्या नैर्ऋत्येला आहे. नैर्ऋत्य कोपरा जड असावा असे वास्तुवाले सांगतात, आणि पेठेतले कुटुंब जीपमध्ये बसले की ती अट विनासायास पूर्ण होते. सामानात कडक भाकरीची चवड, शेंगाचटणीचे दोन डबे (एक स्वतःसाठी, एक ‘तिथे मिळाली नाही तर’), धपाटे, दह्याचे भांडे आणि यजमानांसाठी चादर घ्यावी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे यजमानांना सांगावे. त्यांच्या कपाटात तशाच चार चादरी आधीपासून घडी घालून ठेवल्या आहेत, हे ते सांगणार नाहीत.

मंगळवेढा आले की ज्वारीच्या रानांकडे बोट दाखवावे. इथल्या मालदांडीलाही मानांकन मिळाले आहे. उजव्या हाताला, दृष्टिआड, पंढरपूर. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली तिथे जन्मले. तेव्हा कलानगरीत शिरण्यापूर्वीच कलेचा एक भलामोठा माणूस आपल्या खात्यावर जमा करून घ्यावा. पुढे कोल्हापूरकरांशी बोलताना शिल्लक उपयोगी पडते. मिरजेत चहाला थांबल्यावर सतारमेकर गल्लीत डोकवावे. छताला टांगलेले, सुकून खणखणीत झालेले भोपळे दिसतील. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले, पण त्यांना लागणारा कडू भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. ही माहिती कळताच घरातले वडील, म्हणजे अण्णा, ‘बघा, भोपळा आपलाच’ असे म्हणतील. त्यांना म्हणू द्यावे.

कोल्हापुरात पोचल्यावर खरी अडचण सुरू होते. गावाला कलापूर म्हणतात हे सगळ्यांना माहीत असते. पण सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी खासबागेची भेळ आणि मध्ये पन्हाळा, असा बेत आखला की कला कुठे बसवायची? बहुतेक मंडळी ती बसवतच नाहीत. रंकाळ्यावर फोटो काढतात, चप्पल घेतात आणि घरी जाऊन ‘कोल्हापूर म्हणजे कला’ असे सांगतात. या मार्गदर्शनाचा हेतू एवढाच की दोन जेवणांच्या मधल्या फटीत कला कशी सरकवावी ते दाखवावे.

पहिली फट न्याहारीनंतरची. मिसळ सकाळी लवकर उरकावी. ती इथे पावाच्या लादीबरोबर येत नाही, स्लाइस ब्रेडबरोबर येते. यावर हॉटेलात वाद घालू नये. कट मागावा तेवढा मिळतो. सोलापूरकराने पहिल्याच घासाला ‘तिखट नाही एवढं’ म्हणण्याची प्रथा आहे, ती पाळावी, मग नाक पुसावे. तिथून भाऊसिंगजी रस्त्यावरच्या टाऊन हॉलकडे निघावे. ही गॉथिक धाटणीची इमारत १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाने उभारली. नवा राजवाडाही त्याचाच. कला टाळायची असेल तर सोमवारी जावे, त्या दिवशी इथले संग्रहालय बंद असते. सोय दोन्ही प्रकारच्या पर्यटकांची केलेली आहे.

आत गावातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेल्या वस्तू आहेत. त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, काशाचा, अगदी लहानखुरा. रोमशी व्यापार चालत होता त्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तो समुद्र ओलांडून घाट चढून पंचगंगेकाठी आला. गुडघा वाकवलेला, अंगाला किंचित पीळ. एवढ्याशा धातूत पोटाचे स्नायूसुद्धा मोजून घ्यावेत असे. याच्यासमोर लोक सरासरी जितका वेळ थांबतात, त्याहून जास्त वेळ कटाची दुसरी वाटी यायला लागतो.

त्याच वास्तूत आबालाल रहिमान आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून हा माणूस कोल्हापुरात परतला, शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार केले, आणि तो कोटितीर्थाच्या काठी राहून त्याच पाण्याची चित्रे काढत बसला: पहाटेचे पाणी, उन्हातले पाणी, ढगाखालचे पाणी. १९३१ मध्ये तो गेला. त्याच्या कितीतरी चित्रांचा आज पत्ता नाही. जी उरली आहेत ती आकाराने लहान आहेत, म्हणून जवळ जावे लागते. अण्णांचा चष्मा याच कामासाठी बरोबर आणलेला असावा. घरातल्या अक्का ‘नुसतं पाणी तर आहे’ म्हणतील. त्यांना सोलापूरचा हिप्परगा तलाव सकाळी सातला आणि दुपारी बाराला एकच दिसतो का, असे विचारावे. उत्तर मिळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आणखी दोन चित्रे बघून होतात.

दुपारच्या जेवणाबद्दल मतभेद ठरलेलेच. पेठेतल्या निम्म्या पंगतीच्या गळ्यात लिंग किंवा माळ असते. त्यांच्यासाठी अख्खा मसूर आहे, आणि तो कमी प्रतीचा समजू नये. उरलेल्यांनी पांढरा रस्सा आधी प्यावा. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू; त्यात शेंगदाण्याचे कूट नाही हे सोलापूरकराला पचायला जड जाते. डबा उघडून चटणी टाकण्याचा मोह होतो. डबा गाडीतच राहू द्यावा.

जेवणानंतर माणूस आडवा होतो, हे गृहीत धरून पुढची कला उघड्यावरची ठेवली आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेले खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागून १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत गेले आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. इथे थट्टा थांबवावी. ज्या गावात नाटकाच्या पडद्यावरून सिनेमाच्या पडद्यावर लोक चालत गेले, त्या गावाचे ते नाक होते. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवत, म्हणून बाबूराव पेंटर झाले. स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. सोलापूरकराने मात्र १९२५ चा ‘सावकारी पाश’ लक्षात ठेवावा. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो, अशी ती गोष्ट. १८७७ ला सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या गावात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पेठेत पणजोबांचे नाव काढले की बरेचदा तीच निघते.

संध्याकाळी किरणोत्सवासाठी अंबाबाईच्या महाद्वारी. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी देवीच्या चरणांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. निदान हिशोब तसा. धुके, ढग आणि पश्चिमेला वाढलेल्या इमारती यांचा हिशोब वेगळा असतो. गर्दीत उभे राहून किरण दिसतील याची खात्री नाही, पण त्या वेळात देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरच्या योगिनी आणि वादक बघता येतात. त्यांच्यासमोर रांग नसते.

नंतर गंगावेशीत दूध कट्टा. म्हशी समोर उभ्या, धार थेट, पेल्यावर बोटभर फेस. ज्यांनी जन्मभर पिशवी फोडून दूध तापवले त्यांनी अर्धाच पेला मागावा.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ बघावे, कारण हंगाम हाच. चुलवणात चिपाडे धडधडा जळतात, काहिलीत रस चढतो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि ती काढून टाकतात. मग गुळव्या पुढे होतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो चिमटीत वळतो, गोळी धरली की नाही ते पाहतो आणि मान हलवतो. थर्मामीटर नाही. काहील उतरवायला क्षणभर उशीर झाला तर मालकाचे सगळे आधण बिघडते. आबालालला उजेड जसा कळत होता तसा याला पाक कळतो, आणि याचे नाव कुठल्या संग्रहालयात नाही. काकवीची बाटली घ्यावी. ती परतीत सांडेल असे धरून वेगळ्या पिशवीत ठेवावी.

चप्पल शेवटी. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे, वर हाताने घातलेल्या वेण्या. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानमध्ये असल्याच चपला मंचावर आणल्या आणि इकडून ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते कबूल केले. याचा दाखला देऊन दुकानदार भाव वाढवील. ‘ओ मालक, आम्ही सोलापूरचे’ असे म्हणून भाव उतरत नाही. करून पाहण्यास हरकत नाही. कापशी चप्पल घ्यायची तर आदल्या रात्री तेल पाजावे आणि पहिले चार दिवस घरातच चालावे. सोलापुरात रूपाभवानीच्या दर्शनाला जाताना नवी कापशी घालू नये. टाच सोलते, आणि देवळाबाहेर काढून ठेवलेली कोल्हापुरी परत आल्यावर तिथेच सापडेल याची हमी या मार्गदर्शनात समाविष्ट नाही.