पाच जूनचं रोप

पाच जूनला जबलपुरात रोप लावायचं म्हणजे त्याला मारायचं. पारा चाळिशीच्या आसपास, पाऊस यायला अजून दोनेक आठवडे. तरी दरवर्षी पर्यावरण दिनाच्या त्याच सकाळी ऑफिसांच्या आवारात खड्डे तयार असतात, टोप्या वाटल्या जातात, साहेबांसोबत फोटो निघतो. पंधरा जूनला त्या खड्ड्यापाशी पाणी घेऊन कोण जातं?

माळी. तोही कंत्राटी.

2 जुलै 2017 ला मध्य प्रदेश सरकारने नर्मदेच्या खोऱ्यात 12 तासांत 6 कोटींहून जास्त रोपं लावल्याचा दावा केला. निदान तारीख तरी पावसाळ्यातली होती. लावलेल्या रोपांचा आकडा देशभर गाजला. जगलेल्या रोपांचा आकडा कुणाला पाठ आहे?

आता कंपन्यांनी नवा विषय काढलाय. कर्मचाऱ्याने आपली वैयक्तिक ध्येयं कंपनीच्या पर्यावरणाच्या ध्येयाशी जोडून घ्यावीत. विचार उत्तम आहे, मला मनापासून पटतो. म्हणूनच त्यासाठी वाटला जाणारा फॉर्म पाहिला की संताप येतो. ‘मी कागद वाचवीन.’ ‘मी लिफ्टऐवजी जिना वापरीन.’ खाली सही.

ही माणसाची ध्येयं आहेत? जबलपूरच्या रांझीत राहणाऱ्या फिटरला विचारून बघा. मुलीची कोचिंगची फी, घराचा हप्ता, मे महिन्याचं वीजबिल, आईचे गुडघे. आणि मनात कुठेतरी, रिटायर झाल्यावर नर्मदा परिक्रमा. यातली एक तरी ओळ त्या फॉर्मवर आहे का?

मग जोडणार काय? सही?

हे जमत नाही असं कुणी सांगू नये. याच शहरात जमलं होतं. गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची, खमरियाची 1942 ची, व्हेईकल फॅक्टरी 1969 ची. कारखान्यासोबत इस्टेट उभी राहिली: क्वार्टर, शाळा, दवाखाना, मैदान. भोंगा वाजला की सायकल काढायची आणि गेटवर हजर. कामगाराचा पेट्रोलचा खर्च नाही, शहराला धूर नाही. त्या व्यवस्थेला हरित म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आज कंत्राटी कामगाराला क्वार्टर नाही. तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून मोटरसायकलवर येतो, आणि ‘सायकल डे’ला त्याने सायकलवर यावं असं परिपत्रक निघतं.

रेल्वेकडे पाहा. मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ 1870 मध्ये याच जबलपूरला जोडले गेले. आज पश्चिम-मध्य रेल्वेचं मुख्यालय इथे आहे, आणि संपूर्ण विद्युतीकरण झालेला देशातला पहिला झोन म्हणून 2021 मध्ये तिचं नाव झालं. तारा टांगल्या, डिझेल गेलं. पण वीज वाचवतो कोण? लोको पायलट. पुढे सिग्नल कुठे आहे, चढ कुठे संपतो, हे त्याला ठाऊक असतं. तो वेळेवर पॉवर बंद करतो आणि गाडी आपल्या वेगावर धावू देतो. त्याला कोस्टिंग म्हणतात. नव्या इंजिनात रिजनरेटिव्ह ब्रेक लावला की मोटरच जनित्र बनते आणि वीज परत तारेत जाते. हातात कसब असेल तर त्याच गाडीचं, त्याच मार्गावरचं बिल कमी येतं. इंजिनात मीटर आहे, म्हणजे पुरावाही आहे.

या माणसाला शपथ कशाला द्यायची? त्याला आपल्या कसबाचा अभिमान आधीपासूनच आहे. रेल्वेत उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळतो, 2024 मध्ये तो 78 दिवसांचा होता. मग एकोणऐंशीवा दिवस वाचवलेल्या युनिटांसाठी का नको?

पैशाचा विषय निघाला की साहेब लोक सीएसआरकडे बोट दाखवतात. तिथेच तर अडचण आहे. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. पण फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम त्यात मोजलं जात नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर साहेबांचे बंगले सीएसआरमधून रंगले असते. परिणाम मात्र असा की दूरच्या गावातलं रोप हिशेबात बसतं आणि आपल्याच फिटरच्या छतावरचं सोलर पॅनल बसत नाही.

बसत नसेल तर सीएसआरबाहेर करा. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनलला 78,000 रुपयांची सबसिडी आहे. उरलेली रक्कम कंपनीने बिनव्याजी उचल म्हणून द्यावी, पगारातून हळूहळू कापावी. मे महिन्याचं बिल कमी झालं की फिटरच्या घरात त्याची चर्चा होते, शेजारच्या घरातही होते. पोस्टर लावून एवढं साधतं का?

नागपूर इथून फार लांब नाही. तिथल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये पेन्शन फंड सुरू केला, 1895 पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. कामगाराला म्हातारपणाची आणि मोडलेल्या हाताची भीती वाटते, हे त्यांनी ओळखलं. त्यासाठी त्यांनी फॉर्म वाटला नव्हता.

आता कागदाचा मुद्दा. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. किती पाणी उपसलं, किती सोडलं, किती वीज लागली, सगळं त्यात येतं. चांगलं पाऊल आहे. पण अहवाल इंग्रजीत, वाचणार गुंतवणूकदार. ज्याने पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला, त्याला त्या पानावरचा आकडा कुणी त्याच्या भाषेत सांगितला?

आणि त्यालाच तर सांगायला हवा.

रविवारी संध्याकाळी ग्वारीघाटावर जा. पानाच्या द्रोणात दिवा ठेवून नर्मदेत सोडणाऱ्यांत कारकून असतो, वेल्डर असतो, लोको पायलट असतो. ‘नर्मदे हर’ म्हणून ते हात जोडतात. या माणसांना नदीबद्दल आस्था कशी वाटावी याची कार्यशाळा घेणं हा त्यांचा अपमान आहे. आस्था त्यांच्याकडे कंपनीपेक्षा जास्त आहे आणि कंपनीच्या जन्माआधीपासून आहे.

त्यांच्याकडे अधिकार नाही, एवढंच. कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट गेटवरच्या फलकावर दर महिन्याला हिंदीत लावा. हजेरीच्या मशीनशेजारी, जिथे रोज सगळ्यांची नजर जाते तिथे. नदीकाठच्या सफाईसाठी टी-शर्ट छापायचा जेवढा खर्च येतो, तेवढाही येणार नाही.

मग त्या वेल्डरने सोमवारी सकाळी वरिष्ठाला विचारलं, “साहेब, या महिन्यात आकडा वाढला, आपलं पाणी जातं कुठे?” तर मार्चमध्ये त्याच्या अप्रेझलच्या कागदावर काय लिहून येईल?