बियाला ठेवलेला झेंडू

झेंडूचं रोप मातीत रुजून महिनाभर होत आलं की त्याचा शेंडा खुडायचा असतो, हे आमच्या डोंगरकडा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी अंगणातल्या वाफ्यापाशी आलं की भलीभली माणसं हात आखडतात. शेतात हीच माणसं कशी निर्दय असतात! तुरीचे शेंडे बोलता बोलता मोडत जातात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे तर ओटीत भरून घरी येतात, मीठ-मिरची-कांदा लावून त्यांचा घोळाणा होतो, आणि भाकरीबरोबर तो खाता खाता ‘खुडल्यानं फांद्या फुटतात, घाटे जास्त लागतात’ हा हिशेबही तोंडी लावायला असतोच. मग दारातल्या दोन रोपांनीच काय घोडं मारलंय? बहुधा त्यांना रोज नळाचं पाणी घालताना आपण त्यांच्याशी बोललेलो असतो. ज्याच्याशी बोललं त्याचा शेंडा मोडवत नाही.

खरं तर हे गावच कापणीवर जगतं. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना अर्धापूर मागे पडलं की दोन्ही अंगांना केळी आणि ऊस दिसू लागतो, मध्येच हळदीची रुंद पानं. इसापूरच्या कालव्याचं पाणी इकडे आलं आणि रान हिरवं झालं. या हिरवाईचा सगळा संसार कोयत्यावर चालतो. ऊस तुटून गेला की उरलेले बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे, म्हणजे खोडवा मातीतल्या डोळ्यांतून जोमानं फुटतो. केळ एकदाच निसवते; घड उतरला की तिचं काम संपलं, मग बुडाशी वाढणाऱ्या पिलाला जागा करून द्यायची. घडाच्या टोकाला लोंबणारं ते जांभळं केळफूलसुद्धा फण्या पुऱ्या झाल्या की मोडून टाकतात, नाहीतर ते फुकटचं खात बसतं. केळफुलाइतकी देखणी वस्तू आमच्या भागात दुसरी नाही. भाजी करणाऱ्याला ती दिसते, बाकीच्यांना अडचण दिसते.

शेंडा खुडल्यावर खालचे डोळे जागे का होतात, याचा शोध शास्त्रज्ञ बरीच वर्षं घेत आले आहेत. 1933 साली केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी दाखवलं की शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं द्रव्य देठातून खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. म्हणजे माळवदावर बसून खोकणाऱ्या आजोबांसारखं. ते वर आहेत एवढ्यावरच खाली सगळी गप्प. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हेच उत्तर परीक्षेत लिहिलं. पण ऑक्सिन देठातून सरकतं तासाला जेमतेम सेंटिमीटरभर, आणि शेंडा तोडल्यावर पार खालचा डोळा त्याआधीच फुगायला लागतो. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर ही भानगड उकलली: पहिली हालचाल ऑक्सिनमुळे होत नसते, साखरेमुळे होते. वाढता शेंडा रोपातली साखर आपल्याकडे ओढत असतो. तो गेला की ती साखर खालच्या डोळ्यांपर्यंत पोचते आणि ते उठतात. क्वीन्सलँड म्हणजे तिकडचा उसाचा पट्टा. हे वाचून मला फार बरं वाटलं. साखर शेंड्यालाच का जाते आणि खालच्यांनी तोवर काय करायचं, हे उसाच्या मुलखातल्या माणसाला प्रयोगशाळेत जाऊन विचारायची गरज नव्हती.

गुलाबाचं मात्र वेगळं. त्याचा नुसता शेंडा खुडून भागत नाही. पाऊस सरला की ऑक्टोबरात चांगली खरड छाटणी लागते. ती कशी करावी हे आमच्या आत्याकडून बघावं. आधी ती झाडाभोवती एक फेरी मारते, रोगट फांद्या, वाळक्या फांद्या, एकमेकींच्या अंगावर आलेल्या फांद्या नजरेनंच बाजूला काढते. मग सिकेटर घेऊन बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधते. हा डोळा म्हणजे सालीवरचा एक तांबूस फुगवटा, बाजरीच्या दाण्याएवढा. चष्मा नसेल तर बोटालाच कळावा. त्याच्या किंचित वर तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी साचत नाही. कापावर बोर्डो पेस्टचा निळसर टिळा. हे सगळं ती उजेडात उरकते, कारण दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपलेली असतात. दिवसा त्यांच्या फांद्या छाटल्या तर चालतात, रात्री त्यांची झोप मोडलेली चालत नाही, या न्यायाला मी आजवर हरकत घेतलेली नाही. छाटणीनंतर गुलाब इतका उघडाबोडका दिसतो की शेजारीण कुंपणावरून विचारतेच, “काय वं माय, गुलाब जळाला का काय?” आत्या म्हणते, “थांब की दीड महिना.” आणि दिवाळी सरली की शेजारीण कळी मागायला येते.

ज्यांच्याकडे आत्या नाही त्यांचं काम फुलचोर करतात. पहाटे, दूधवाल्याच्याही आधी, एखादी सात्त्विक व्यक्ती कानाला मफलर आणि हातात पिशवी घेऊन कुंपणापाशी येते. शेवंती, गलांडा, झेंडू, जे हाताला लागेल ते देठासकट, घाईत चार पानांसकट ओरबाडते आणि स्तोत्र पुटपुटत पुढे जाते. मालक तावातावानं उठतो. पण झाडाच्या बाजूनं पाहिलं तर ही चक्क बिनपगारी मशागत आहे. फूल झाडावरच सुकलं की झाडाचं बळ बी भरण्यात जातं आणि नव्या कळ्या मंदावतात. फूल गेलं की झाडाला वाटतं काम अर्धवट राहिलं, आणि ते पुन्हा कळी धरतं. देवाला फूल मिळतं, चोराला पुण्य मिळतं, झाडाला बहर मिळतो. मालकाला बोलायला विषय मिळतो, हेही काही कमी नाही.

आपण बाग फुलवतो म्हणतो ते असं फसवाफसवीवर चाललेलं असतं. झाडाला फुलांची हौस नाही, त्याला लेकरं हवी आहेत. आपण दर वेळी मधल्या मुक्कामावरून त्याला मागे वळवतो आणि ते बिचारं दर वेळी पहिल्या उत्साहानं निघतं. ही गोष्ट आजीला कोणी सांगितली नव्हती, पण तिच्या प्रत्येक वाफ्यात एक झेंडू असा असायचा की त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. “त्याला हात लावू नको, बियाला ठेवलंय.” वाफ्यातलं सगळ्यात टपोरं, पहिल्या बहराचं फूल ती त्यासाठी निवडायची. मग दिवसागणिक ते तपकिरी व्हायचं, मान टाकायचं, त्याच्यावर कोळी जाळं विणायचा. आजूबाजूची फुलं हारात जात होती, नांदेडच्या बाजाराला जात होती, आणि हे एकटं घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मानानं उभं असायचं. शेवटी ती ते चुरगळायची. तळहातावर काळ्या बारीक सुया पडायच्या, प्रत्येकीला फिक्या रंगाचं शेपूट.

आता रोपं नर्सरीतून ट्रेमध्ये येतात, संकरित, एका उंचीची. त्यांचं बी धरलं तर पुढच्या वर्षी कुणाचा काही मेळ लागत नाही. आत्या तरीही धरते. उगवतं ते कुणी कमरेएवढं, कुणी वीतभर, कुणाच्या फुलाला एकच पाकळ्यांची ओळ. त्यांचेही शेंडे ती वेळेवर खुडते, पण दसऱ्याच्या हिशेबानं. खुडलं की फुलं जास्त येतात खरी, पण थोडी उशिरा. थोराड फुलं पुढच्या दाराच्या तोरणात जातात. बारकी उरतात ती खंडेनवमीला लागतात. त्या दिवशी कोयता, विळा, मोटारीचा स्टार्टर, शिलाई मशीन असं सगळं ओळीनं मांडलं जातं. सिकेटरही धुऊन पुसून, स्प्रिंगला तेल देऊन पाटावर बसतं, मिटलेलं, कारण कात्री उघडी राहिली तर घरात भांडणं होतात. आत्या त्याला हळदकुंकू लावते आणि वर एक झेंडू वाहते. झेंडूला कुणी विचारत नाही.