डोळा लवणाऱ्या उमेदवारांसाठी सर्वसाधारण सूचना

प्रस्तुत सूचना पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवा, कंबाइन किंवा दोन्हींची तयारी करणाऱ्या आणि एक पापणी आपोआप फडफडू लागलेल्या सर्व उमेदवारांना लागू राहतील. नवी पेठ आणि नारायण पेठेतल्या उमेदवारांनी त्या स्वतःच्या जबाबदारीवर वापराव्यात.

आधी ओळख पटवून घ्यावी. लवणारी पापणी बहुतेक वेळा खालची असते आणि एकाच डोळ्याची. डोळ्याभोवती कड्यासारखा एक पातळ स्नायू असतो, त्यातले थोडे धागे कुणालाही न विचारता थरथरू लागतात. डॉक्टर याला मायोकिमिया म्हणतात. हा शब्द पाठ करू नये, अभ्यासक्रमात नाही. अपुरी झोप, चहा-कॉफी, तासन्‌तास वाचून शिणलेले, कोरडे पडलेले डोळे आणि मनावरचा ताण ही त्याची नेहमीची कारणं. म्हणजे लागणारं सगळं साहित्य अभ्यासिकेतून बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडायच्या आत मिळतं.

ओळख पटल्यावर उमेदवार शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला हळूच म्हणतो, "बघ रे, फडफडतोय का?" मित्र लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेच्या पुस्तकातून मान वर काढतो, डोळ्यात डोळा घालून बघतो आणि म्हणतो, "काही नाही दिसत." इथे मैत्री तोडू नये. आतून भूकंप वाटणारी ही थरथर बाहेरून जेमतेम दिसते किंवा दिसतच नाही, असाच तिचा स्वभाव आहे. फोटो काढून गावी पाठवण्याचा मोह टाळावा. तिकडे गेली काही वर्षं आपला अभ्यासही असाच दिसत नाही, त्यात ही भर नको.

यानंतर शकुनाचा टप्पा येतो. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, बाईचा डावा, हा नियम मेसच्या मावशींपासून खोलीच्या मालकीणबाईंपर्यंत सर्वांना पाठ आहे. (मालकीणबाई त्याला पुरवणी जोडतात: "डोळे जाळत बसू नकोस रे. रात्री लाइट किती वाजता बंद करतोस?" हा प्रश्न प्रकृतीबद्दल आहे असं समजून उत्तर द्यावं.) नियमाला पुरावे भक्कम आहेत. अशोकवनात सीतेचा डावा डोळा लवला आणि हनुमान भेटला. शाकुंतलात दरबारात पोचलेल्या शकुंतलेचा उजवा लवला आणि राजाने ओळखच दिली नाही. मृच्छकटिकात चारुदत्ताचा डावा लवला तो न्यायालयाच्या वाटेवर. त्याला देहदंड झाला, पण शेवटच्या अंकात तो टळला, म्हणजे शकुनाचा निकालसुद्धा सुधारित लागू शकतो. आता शकुन बाजूला ठेवून या तिघांची परिस्थिती पाहावी. एक राक्षसिणींच्या पहाऱ्यात कैद, दुसरी गरोदरपणी लांबचा प्रवास करून आलेली, तिसऱ्यावर खुनाचा आळ. कुणाचीही झोप धड झाली असेल असं वाटत नाही. अशा वेळी डोळा लवला नसता तरच नवल होतं. तरीही उमेदवारांच्या सोयीसाठी सरावप्रश्न देत आहोत.

विधान अ: सकाळपासून डावा डोळा लवत आहे.
विधान ब: पहिली उत्तरतालिका आज लागेल.
योग्य पर्याय निवडा: फक्त अ बरोबर, फक्त ब बरोबर, दोन्ही बरोबर, पण अ हे ब चे कारण नाही, वरीलपैकी एकही नाही.

अंतिम उत्तरतालिकेत हा प्रश्न रद्द करण्यात आला आहे.

उपचारांपैकी चहाचा विषय सर्वांत नाजूक. अमृततुल्याचा कप लहान, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही, अशी पेठेत सर्वमान्य समजूत आहे. अर्धा-अर्धा वाटून घेतलेला, दुसऱ्याने पाजलेला आणि चर्चेसाठी घेतलेला चहाही धरला जात नाही. या पद्धतीने दिवसाकाठी दहा कप पिणारा उमेदवार "मी दोनच घेतो" असं खऱ्याखुऱ्या श्रद्धेने सांगतो. शरीराचा हिशेब मात्र कच्चा नाही. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला वाटून घेतलेला चहा पहाटे तीनला निम्म्याने जागाच असतो आणि त्याच्याबरोबर आपणही. म्हणून दुपारी चारनंतरचा चहा बंद करावा. मित्र चहाला निघाले की बरोबर जावं, टपरीवर उभं राहावं, कट-ऑफवर बोलावं आणि हात खिशात ठेवावेत. हे कुणाला जमल्याचं ऐकिवात नाही, पण पद्धत बरोबर आहे.

झोपेबद्दल पुस्तकं सांगतात: सात-आठ तास, अंधार, शांतता. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी चार कॉटची खोली पाहिलेली नसावी. एक जण रात्री एकला येतो, दुसरा पहाटे पाचला जागा धरायला निघतो, तिसरा झोपेत चालू घडामोडी म्हणतो, चौथे आपण. यावर खात्रीचा उपाय नाही. जेवढी झोप मिळेल तेवढी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी, मोबाइल उशाशी नव्हे, पायथ्याशी ठेवावा आणि अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं टेकून लागणारी डुलकी रिव्हिजन म्हणून वहीत मांडू नये. वाचताना मधून मधून मान वर करून लांब बघावं, डोळ्यांची उघडझाप करावी. कोमट पाण्यात भिजवलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवला तर बरं वाटतं. टेलिग्रामवरचे ज्येष्ठ उमेदवार केळी, बदाम आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवतात. मॅग्नेशियमचा पुरावा तोकडा आहे. केळं मात्र खावं, नाश्ता बुडवण्यापेक्षा बरं.

राहिला ताण. ताण परीक्षेचा असतो ही बाहेरच्यांची समजूत. परीक्षेचा ताण दोन तासांत संपतो. पापणी लवते ती तारखेमुळे. ज्यांनी 5 एप्रिल 2020 ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा धरून नियोजन केलं, त्यांची पापणी करोना, 11 ऑक्टोबर आणि 14 मार्च 2021 अशी वळणं घेत निघाली. तीन दिवस राहिले असताना तीही तारीख गेली, नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली आणि परीक्षा अखेर 21 मार्चला झाली. पुढची तुकडी 28 एप्रिल 2024 वर डोळे लावून बसली. मग 6 जुलै, मग 25 ऑगस्ट. त्याच दिवशी आयबीपीएसचा बँकभरतीचा पेपर निघाला, पुन्हा शास्त्री रस्ता, आणि परीक्षा झाली 1 डिसेंबरला. यातली काही वळणं मुलांनीच मागितली होती हेही नोंदवायला हवं. तारीख बदलली तर ताण आणि नाही बदलली तरी ताण, असं हे दुखणं आहे. दीर्घ श्वास घ्यावा, संध्याकाळी स. प.च्या मैदानाकडे चक्कर मारावी, लोकसेवा आयोगाचं संकेतस्थळ दिवसातून एकदाच उघडावं. ते दर पाच मिनिटांनी उघडल्याने निकाल लवकर लागत नाही, याची पुरेशा उमेदवारांनी पुरेशा वेळा खातरजमा केलेली आहे. मनःशांतीसाठी देवदर्शन सुचवलं असतं, परंतु या पेठेतले विठोबा उपाशी आणि मुरलीधर खुन्या, तेव्हा दर्शन घ्यावं, नावाचा विचार करू नये.

आता गांभीर्याने वाचायचा भाग. बहुतेकांची पापणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप थांबते. परंतु तीन आठवडे उलटूनही लवणं चालूच असेल, डोळा पूर्ण मिटू लागला, गाल किंवा ओठाचा कोपरा बरोबर खेचला जाऊ लागला, पापणी खाली उतरली, डोळा लाल झाला किंवा सुजला, तर टेलिग्राम सोडून नेत्रतज्ज्ञांकडे जावं. अर्धा चेहरा ओढला जाणं हे बहुधा मेंदूपाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूवर टेकल्याने होतं. दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटणं हा आणखी वेगळा आजार. दोहोंवर बोटुलिनम विषाच्या इंजेक्शनचा उपयोग होतो. अमेरिकेत या औषधाला 1989 मध्ये पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी, सुरकुत्यांचा नंबर 2002 मध्ये लागला. थांबावं सगळ्यांनाच लागतं.

दवाखान्यात जाताना मित्राला बरोबर नेऊ नये, तो तिथेही "काही नाही दिसत" म्हणेल. डॉक्टर तीन गोष्टी विचारतील: झोप किती, चहा किती, ताण कसला. पहिल्या दोन प्रश्नांना खरे आकडे सांगावेत, वाटून घेतलेले कप धरून. तिसऱ्याचं उत्तर 2020 पासून सुरू करू नये. बाहेर पेशंट बसलेले असतात.