तासाभराचा सिंधुदुर्ग

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर पायाभरणी झाली आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. आपला पर्यटक तो तासाभरात उरकतो. त्यातला निम्मा वेळ महादरवाज्यासमोर फोटो काढण्यात जातो. शत्रूला दरवाजा सापडू नये म्हणून तो दोन बुरुजांच्या आड दडवलेला. आता रांग बघितली की झाले, दरवाजा कुठे ते कळते.

पुढे शिवराजेश्वर मंदिर. राजाराम महाराजांच्या काळातले. आतल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, त्यामुळे काही भाविक बुचकळ्यात पडतात. गाडीच्या काचेवरच्या स्टिकरशी महाराज जुळत नाहीत ना! तरीही घोषणा दणदणीत होते. तटावर चढायला मात्र कोणी राजी नसतो. तीन किलोमीटर तट, ऊन डोक्यावर, शिवाय सुरमईची थाळी सांगून ठेवलेली.

दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर ही खरी कमाल. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! विहिरीत डोकावून लोक थक्क होतात आणि त्याच थक्क अवस्थेत प्लास्टिकची बाटली तोंडाला लावतात. रिकामी झाली की इतिहासाच्या हवाली.

तेवढ्यात होडीवाल्याची हाक येते, "चला, टायम झालो!" स्कूबाचे बुकिंग चुकता कामा नये.

२०२५ मध्ये हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला आहे. तेव्हा मंडळी, तट नका चढू, पण ती बाटली तेवढी परत न्या.