काढला तर का काढला, ठेवला तर का ठेवला

बेसबॉलमध्ये सगळ्यात अचूक निर्णय स्टँडमध्ये बसलेला माणूस घेतो. कारण तो चेंडू पडल्यावर घेतो. मॅनेजरला ही सवलत नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे गोलंदाजाला मार बसला की कप्तान त्याला सीमारेषेवर पाठवतो आणि तासाभराने परत बोलावतो. बेसबॉलचा पिचर एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत चेंडू टाकायला येत नाही. त्यामुळे पिचर काढायचा की ठेवायचा, हा प्रश्न प्रेक्षकांत पहिल्या इनिंगपासूनच पेटलेला असतो. पहिले तीन फलंदाज झटपट बाद झाले की ‘आज याला कोण खेळणार!’ दुसऱ्या इनिंगमध्ये एक वॉक, म्हणजे फुकटचा बेस, दिला की ‘वेग बघा, दोन मैलांनी उतरलाय, बुलपेनमधले राखीव पिचर उठवा.’ तिसऱ्यात लागोपाठ दोन स्ट्राइकआउट निघाले की ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हटलेलं असतंच. दोन्ही बाजूंनी म्हटलेलं असतं.

या वादाचं गाजलेलं उदाहरण २००३चं. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सातवा सामना होता. बॉस्टन रेड सॉक्स ५-२ने पुढे होते आणि आठव्या इनिंगमध्ये पेड्रो मार्टिनेझ टाकत होता. पेड्रोने चेंडूंची शंभरी ओलांडली की फलंदाज त्याला फोडतात, हे बॉस्टनच्याच कचेरीतले आकडे सांगत होते. एक धाव गेल्यावर मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला. ‘दम आहे का?’ म्हणून विचारलं, पेड्रोने होकार दिला आणि लिटल परत आला. पिचरला असं विचारणं म्हणजे जावयाला ‘अजून एक पुरणपोळी वाढू का?’ विचारण्यासारखं, पोट फुटलं तरी तो नाही म्हणत नाही. बघता बघता ५-५ झाले, अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या आरन बूनने होमरन मारला आणि बॉस्टन घरी गेलं. पाठोपाठ लिटलही घरी गेला. त्याचा करार वाढवलाच नाही. गावभर एकच निकाल लागला: आकडे ऐकायला हवे होते.

पुढे मॅनेजर आकडे ऐकायला शिकले. २०२०च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे किताबाच्या मालिकेचा, सहावा सामना टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला झाला. टॅम्पा बे रेज १-० पुढे होते. ब्लेक स्नेलने ७३ चेंडूंत नऊ स्ट्राइकआउट काढले होते, वॉक एकही नाही. समोरच्या डॉजर्सच्या पहिल्या तीन फलंदाजांना तर त्याने दोन-दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. सहाव्या इनिंगमध्ये त्याला दुसरा हिट बसला आणि मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून निघाला. हिशेब सरळ होता. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येणार होते, आणि तिसऱ्या फेरीत फलंदाज पिचरला जास्त चांगला ओळखतो, हे वर्षानुवर्षांचे आकडे सांगतात. शिवाय त्या मोसमात स्नेलने एकदाही सहा इनिंग्ज पूर्ण केल्या नव्हत्या. मॅनेजरला येताना पाहून स्नेलच्या तोंडून काय निघालं, ते कॅमेऱ्याने टिपलं. सदरात छापण्याजोगं नाही.

त्याच्या जागी आला निक अँडरसन. तो आधीचे सामने सलग धावा देत आला होता. हाही आकडाच, पण त्या दिवशी तो कुणी ऐकला नाही. मूकी बेट्सने डबल मारला, अँडरसनचा एक भरकटलेला चेंडू कॅचरला चकवून गेला आणि बरोबरी झाली, पुढच्याच फटक्यावर डॉजर्स पुढे गेले आणि ३-१ने किताब घेऊन गेले. गावभर पुन्हा एकच निकाल: आकडे कसले ऐकता, डोळे नाहीत का? दोन आठवड्यांनी कॅशला अमेरिकन लीगचा वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर जाहीर केलं. मतं सिरीजआधीच पडली होती. बक्षीस देणाऱ्यांनाही चेंडू पडायच्या आधी निर्णय घ्यावा लागला, त्याचा हा प्रसाद.

सामना जिंकला तर तरी सुटका? तीही नाही. एप्रिल २०२२मध्ये मिनियापोलिसच्या कडाक्याच्या थंडीत क्लेटन कर्शॉने सात इनिंग्ज एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिलं नाही, तेही अवघ्या ८० चेंडूंत. डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला काढलं. नऊही इनिंग्ज असंच गेलं तर तो परफेक्ट गेम, आणि असे आजवर मोजून चोवीस झालेत, म्हणून प्रेक्षक खवळले. डॉजर्स ७-०ने जिंकले. मोसमाआधीचा सराव अपुरा झाला होता, निर्णय बरोबरच होता, असं खुद्द कर्शॉने सांगितलं. पण त्याला कोण विचारतो? तो नुसता टाकणारा.

मग प्रेक्षकांचंच ऐकलं तर? तोही प्रयोग होऊन गेलाय. २०१५ची वर्ल्ड सिरीज, पाचवा सामना, न्यूयॉर्कचं सिटी फील्ड. मॅट हार्वीने कॅन्सस सिटी रॉयल्सला आठ इनिंग्ज शून्यावर ठेवलं होतं, मेट्स २-० पुढे. मॅनेजर टेरी कॉलिन्सचा बेत नवव्यात दुसरा पिचर आणायचा होता. हार्वी डगआउटमध्येच त्याच्याशी हुज्जत घालू लागला आणि वर चव्वेचाळीस हजार लोक हार्वीच्या नावाचा घोष करू लागले. कॉलिन्स विरघळला. पहिल्या फलंदाजाला वॉक, दुसऱ्याचा डबल, २-१. मग उशिरा दुसरा पिचर आला आणि बरोबरी झाली. बाराव्या इनिंगमध्ये रॉयल्स ७-२ने जिंकून विश्वविजेते झाले.

कॉलिन्सने सामन्यानंतर दोष स्वतःकडे घेतला. घोष करणाऱ्या हजारोंपैकी कुणी आपला वाटा उचलल्याचं ऐकिवात नाही. त्यांना सवडच कुठे होती? हार्वीला नवव्या इनिंगमध्ये पाठवलंच कशाला, या चर्चेत ते गर्क होते.