घराला भोकं किती?

फेरेट नावाचा लांबुडका प्राणी घरी आणायचं ठरलं की नवा मालक सगळ्यांत आधी पिंजऱ्यांच्या किमती बघतो. वास्तविक त्याने आधी जमिनीवर पालथं पडून आपलं घर बघायला हवं. सहा फुटांवरून दिसणारं घर आणि तीन इंचांवरून दिसणारं घर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ओट्याखालच्या कपाटामागे फट आहे, वॉशिंग मशीनचा पाइप भिंतीत शिरतो तिथे चांगलं खिंडार आहे, सोफ्याच्या तळाचं कापड एका कोपऱ्यात उसवलंय, हे घर विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं. फेरेट ते पहिल्या पंधरा मिनिटांत शोधून काढतो. जिथे त्याचं डोकं मावतं तिथे मागचं लांबलचक अंगही विनातक्रार जातं. पाय वर करणारी आरामखुर्ची तर घरातून काढूनच टाकावी, असं जाणते लोक सांगतात. तिच्या सांगाड्यात शिरून झोपलेले फेरेट, कुणीतरी निवांत टेकायला गेल्यामुळे चिरडून मेलेले आहेत.

हे भोकांचं वेड त्याला कुणी लाडाने लावलेलं नाही. ती त्याची नोकरी आहे. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने दोनएक हजार वर्षांपूर्वी फेरेट घडवला, तो सशांच्या बिळात सोडण्यासाठी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने स्पेनमधल्या सशांच्या उच्छादाबद्दल लिहिताना, तोंडाला मुसकी बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या अशाच एका प्राण्याचा उल्लेख केला आहे. इंग्लंडच्या खेड्यांत हा उद्योग आजही चालतो: बिळांच्या तोंडांवर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचा, घाबरलेले ससे बाहेर येऊन जाळ्यात पडतात. अडचण एवढीच, की कधीकधी फेरेट आतच ससा मारतो, पोटभर खातो आणि तिथेच ताणून देतो. मग मालक फावडं घेऊन वर उभा. हल्ली त्यासाठी फेरेटच्या गळ्यात रेडिओ लहरी सोडणारा पट्टा बांधतात, म्हणजे निदान कुठे खणायचं ते तरी कळतं.

अमेरिकेतल्या लेकाकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना फेरेट पाहताक्षणी मुंगूस वाटतो आणि शुभशकुन झाला म्हणून बरंही वाटतं. पण मुंगसाचं नातं मांजराच्या बाजूचं. फेरेटचं गोत पाणमांजराचं.

भोकांत शिरण्याच्या या नोकरीतली सगळ्यांत मोठी बढती मिळाली ती फेलिशियाला. १९७१ साली शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये कणत्वरक उभारला जात होता आणि त्याच्या लांबच लांब नळ्यांत धातूचा कीस राहून जात होता. यॉर्कशरहून आलेल्या एका अभियंत्याने सुचवलं, फेरेट आणा. पस्तीस डॉलरना फेलिशिया आली. तिच्या अंगावरच्या पट्ट्याला दोरी बांधायची, ती नळीतून पलीकडे जायची, मग त्या दोरीने सफाईच्या द्रावणात भिजवलेला बोळा ओढून नळी साफ करायची. मुख्य वर्तुळाची चार मैलांची नळी पाहून मात्र बाईंनी आत जायला साफ नकार दिला. तीनशे फुटांच्या नळ्यांवर तडजोड झाली. जगातल्या अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञांनी कामाच्या अटी एका फेरेटच्या सोयीने बदलल्या, हे नव्या मालकाने लक्षात ठेवावं. पुढे त्याच्याकडूनही तेच करून घेतलं जाणार आहे.

उदाहरणार्थ, वस्तू. जे ओढता येतं ते फेरेट बिळात नेतो. घरात बीळ नसतं म्हणून सोफ्यामागचा कोपरा. मोजे, किल्ल्या, टीव्हीचा रिमोट, भांडी घासायचा स्पंज. यातली रबरी वस्तू कुरतडून गिळली तर आतडं अडतं आणि शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. त्यामुळे इअरफोनची रबरी टोपी हरवली की मालक इअरफोनसाठी नाही, फेरेटच्या पोटासाठी घाबरतो.

दुसरी भीती झोपेची. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो, आणि कधीकधी इतका गाढ, की उचलला तर मान लोंबते, हलवलं तरी डोळा उघडत नाही. अशा अवस्थेतला फेरेट टॉवेलात गुंडाळून, डोळे पुसत डॉक्टरकडे धावणारे नवे मालक पशुवैद्यांना चांगले परिचयाचे आहेत. टेबलावर ठेवल्यावर स्वारी जांभई देते आणि तपासणीची फी मात्र पूर्ण लागते.

उरलेल्या वेळात तो जागा असतो, हे जास्त गंभीर. पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडव्यातिडव्या उड्या मारत तो खुर्चीच्या पायावर आपटतो, पडतो, पुन्हा उडतो, आणि घशातून ‘डुक डुक डुक’ असा आवाज काढतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फीट आली असं वाटतं. हा आनंद असतो. पाठोपाठ मालकाच्या पायाच्या अंगठ्याचा चावा येतो, तोही आनंदाचाच. पिल्लं आपसात अशीच खेळतात. त्यांची कातडी जाड असते, मालकाची नसते. मानेमागची सैल कातडी धरून उचललं की फेरेट ढिला पडतो आणि जांभया देऊ लागतो. माफी मागत नाही. यॉर्कशरमध्ये मात्र या दातांचा खेळ करून ठेवलाय. विजारीचे पाय घोट्याशी बांधायचे, आतली चड्डी घालायची नाही, दोन जिवंत फेरेट आत सोडायचे आणि उभं राहायचं. १९८१ मध्ये रेज मेलर नावाच्या गृहस्थांनी असे पाच तास सव्वीस मिनिटं काढले. आपल्याकडच्या कुस्तीला लोक उगाच रांगडी म्हणतात.

खाण्याच्या बाबतीत फेरेटशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो पक्का मांसाहारी. पोटातलं अन्न तीन-चार तासांत बाहेर, म्हणून दिवसभर थोडं थोडं खायला हवं. वरणभात त्याला पचत नाही, आणि लाडाने रोज मनुका देणं तर वाईटच, कारण उतारवयात स्वादुपिंडाच्या गाठीने रक्तातली साखर घसरण्याचा आजार या प्राण्यात फार. शाकाहारी घरात मग फ्रीजचा एक खण वेगळा होतो आणि त्या खणाबद्दल कुणी बोलत नाही. तीन तासांच्या हिशेबाची दुसरी बाजू कोपऱ्यात दिसते. फेरेट शौचाला पाठमोरा सरकत कोपऱ्यात जातो. मालकाने ट्रे एका कोपऱ्यात ठेवलेला असतो. खोलीला कोपरे चार असतात.

आणि वास. अंगालाच एक उग्र कस्तुरीगंध असतो. नवा मालक घाबरून दर दोन दिवसांनी साबण लावून आंघोळ घालतो, त्वचा कोरडी पडते, ती भरपाई म्हणून आणखी तेल सोडते, वास वाढतो, मालक पुन्हा साबण आणतो. धुवायची असतात ती त्याची अंथरुणं. नखं कापायची युक्ती मात्र सुंदर आहे: पोटावर माशाच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे, तो चाटत बसतो, तेवढ्यात वीसच्या वीस नखं उरकायची.

कायद्याचं आणखी वेगळंच. न्यू जर्सीत परवाना काढून फेरेट पाळता येतो, हडसन ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलात की तो बेकायदा. कॅलिफोर्नियातही बंदी. १९९९ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर जुलियानी यांच्या रेडिओ कार्यक्रमात एका फेरेटप्रेमीने फोन करून दाद मागितली, तेव्हा महापौरांनी त्यालाच उपचार घ्यायचा सल्ला दिला. २०१५ मध्ये शहराच्या आरोग्य मंडळात मतदान झालं, बंदी राहिली. फेरेट नागपूरला आणावा म्हणाल, तर एप्रिलचं ऊन त्याला मारेल. तिशीच्या आसपासचं तापमानही त्याला सोसत नाही.

विनोद जिथे थांबतो ती जागा मादीची. माजावर आलेल्या मादीचा नराशी संग झाला नाही तर माज उतरत नाही, इस्ट्रोजेन साचत जातं, अस्थिमज्जा रक्त बनवणं थांबवते आणि ती मरू शकते. म्हणून शस्त्रक्रिया किंवा संप्रेरकाचं रोपण, डॉक्टर सांगेल तसं, पण वेळेवर. कुत्र्यांच्या डिस्टेंपरची लसही चुकवायची नाही. तो रोग फेरेटला झाला तर वाचत नाही.

माणसाचा फ्लूही त्याला होतो. १९३३ मध्ये लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या संशोधकांनी रुग्णांच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात घातलं, फेरेट शिंकू लागले, आणि माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो हे सिद्ध झालं. काही वर्षांत परतफेडही झाली: एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि संशोधकाने अंथरूण धरलं. त्यामुळे घरात कुणाला सर्दीताप झाला की मालकाने फेरेटजवळ मास्क लावूनच जावं, असं डॉक्टर बजावतात. मालक मास्क शोधायला लागतो. तो केव्हाच सोफ्यामागे जमा झालेला असतो.