बोथचा घरफोटोवाला

घरफोटोवाला, म्हणजे किरायाच्या खोल्यांचे फोटो काढणारा, ही तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ मंडलात आढळणारी, मूळची लग्नातली जात. तुळशीच्या लग्नापासून मृगापर्यंत तो मांडवात असतो. चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात आणि दुकानात पासपोर्ट फोटोंखेरीज गिऱ्हाईक फिरकत नाही. नेमक्या याच दिवसांत शाळा उघडतात, मास्तर, बँकेतले बाबू आणि दवाखान्यातल्या सिस्टर बदलून येतात आणि खोल्या शोधू लागतात. पोचेरा आणि कुंटाला हे दोन्ही धबधबे भरून वाहू लागल्याने हायवे क्रमांक 44 वरून गाड्या आत वळतात. रिकामा कॅमेरा आणि रिकामी खोली यांची गाठ पडते ती अशी, पावसाळ्यात.

घरांचे फोटो काढून पोट भरणे या मुलखाला नवे नाही. बोथ 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याच्या सहाव्या निजामाने लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमून ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला होता. दीनदयाळांनी महाल टिपले. घरफोटोवाल्याच्या वाट्याला दहा बाय दहाची खोली आली. किताब मात्र त्यालाही आहे. गाव त्याला ‘फोटू’ म्हणते.

त्याचे मुख्य हत्यार म्हणजे वाईड लेन्स. ती त्याने घेतलेली असते लग्नासाठी, नवरा-नवरीसकट दोन्हीकडचे मामे, मावश्या आणि रुसलेले जावई एका चौकटीत बसवायला. खोलीत तीच लेन्स चमत्कार करते. कोपऱ्यात पाठ टेकवून, कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरून फोटो काढला की भिंती उभ्याच्या उभ्या राहतात आणि खोलीचा हॉल होतो. किंमत कडेच्या वस्तूंना मोजावी लागते. चौकटीच्या टोकाला आलेली बादली लांबट होते आणि गॅसचे सिलिंडर कुणीतरी ताणल्यासारखे रुंद होते. दुसरी अडचण खिडकीची. बाहेरचा उजेड धरला तर खोली काळी पडते, खोली धरली तर खिडकी पांढरी. म्हणून तो कॅमेरा स्टँडवर ठेवून कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो घेतो आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकात एक मिसळतो. एवढे करून ते चित्र जाते व्हॉट्सॲपवर, तिथे दाबून बारीक होते, आणि काच तडकलेल्या मोबाइलवर पाहून मालक विचारतो, “हे आपलंच घर का?”

खरी मेहनत बटण दाबण्याआधीची. दोरीवरचे कपडे, भिंतीवरची तीन वर्षांपूर्वीची कॅलेंडरे, पलंगाखालचे कांदे आणि संडासाच्या दाराला टेकवलेला खराटा हे सगळे हलवावे लागते, आणि हलवायला घरातले कुणी पुढे येत नाही. भिंतीवरची ओल हलवता येत नाही. तिच्यापुढे प्लास्टिकची खुर्ची मांडतात. थंडीत ऑर्डर आली तर मामला आणखी अवघड होतो. हा कापसाचा मुलूख. वेचणी झाली आणि भाव पडलेला असला की शेतकरी कापूस घरातच भरतो, आणि भरतो नेमका किरायाने द्यायच्या खोलीत, कारण रिकामी तीच असते. घरफोटोवाला दार उघडतो तर समोर छतापर्यंत पांढरे.

“दादा, कापूस सोडून बाकीची खोली काढा ना.”

“मामा, कापूस सोडला तर बाकी पंखा राहतो.”

“मग भाव येऊ द्या, तवा या.”

भाव येतो तेव्हा लग्नसराई ऐन भरात असते.

वस्तू हलतात, माणसे हलत नाहीत. गावात घराचा फोटो म्हणजे घरापुढे उभे राहून काढलेला फोटो, ही समजूत सरकारनेच पक्की केली आहे. तेलंगणात मार्च 2024 मध्ये भद्राचलमला सुरू झालेल्या इंदिरम्मा घरकुल योजनेत 5 लाख रुपये बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि काम कुठवर आले ते मोबाइलच्या ॲपवर फोटो चढवून दाखवावे लागते. घर गहाण ठेवताना बँकेचा मूल्यमापकही फोटो काढतो, तोही बहुधा मालकाला दारात उभा करून. तेव्हा किरायाच्या जाहिरातीसाठी कॅमेरा निघताच आजी पदर सावरून उंबऱ्यावर येते, नातू टायर घेऊन येतो, आणि शेळी कुणी न बोलावता येते. “आजी, जरा बाजूला व्हा, नुसतं घर पाहिजे,” असे म्हणावे तर आजीचा सवाल तयार असतो, “माणूस नसलं तर घर कुणाचं म्हणून समजंल?” सवाल बिनतोड आहे. जाणता घरफोटोवाला वाद घालत नाही. आधी आजीचा एक फोटो झकास काढतो, तो तिला दाखवतो, ती समाधानाने आत गेली की कामाला लागतो. आजीच्या फोटोचे पैसे त्याला मिळत नाहीत, पण पुढे तोच मोठा करून फ्रेमसाठी मागितला जातो, आणि तेव्हा मिळतात.

भावाची घासाघीस हे स्वतंत्र प्रकरण आहे. मालकाचा युक्तिवाद ठरलेला असतो, “घर आमचं, उजेड देवाचा, मग पैसे कशाचे?” त्यावर घरफोटोवाला यूट्यूबवर ऐकलेली न्यूयॉर्कची हकिगत सांगतो. ती खरी आहे. 2009 मध्ये घरे किरायाने लावून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीची बुकिंगे अडली, तेव्हा फोटो फारच वाईट आहेत हे संस्थापकांच्या ध्यानात आले. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतः घरोघर फिरून चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि कमाई वाढली. पुढे त्या कंपनीने घरमालकांसाठी फोटोग्राफर पाठवायला सुरुवात केली. मालक हे सगळे मन लावून ऐकतो आणि म्हणतो, “म्हणजे त्यांनी पण फुकटच काढले की.”

बरे पैसे देतात ते गावाबाहेरचे गाववाले. हैदराबादला किंवा आखातात असलेल्या माणसाचे बोथमधले घर बंद असते. भावकीतला कुणी त्यात बैलांची वैरण ठेवतो आणि फोनवर ‘घर एकदम बरोबर आहे’ असे सांगतो. अशा मालकाला किराएदाराआधी खरे चित्र हवे असते. घरफोटोवाला चावी मागायला गेला की भावकीचे तोंड आंबते. वैरणीचा फोटो पाठवावा की वैरण हलवून पाठवावा, हा या व्यवसायातला नीतीचा मोठा पेच. गावात राहायचे असल्याने बहुतेक जण वैरण हलवून पाठवतात.

जाहिरातीच्या मजकुराचे संकेत फोटोइतकेच पक्के आहेत. घर ‘ईस्ट फेसिंग’ असलेच पाहिजे. या भागात किराएदारही दिशा विचारल्याशिवाय चप्पल काढत नाही. पश्चिमेच्या दाराचा फोटो सांजेच्या उन्हात काढला तर तो सकाळचा वाटतो, एवढे सांगून हा विषय सोडलेला बरा. दुसरा संकेत पाण्याचा. मिशन भगीरथ या सरकारी पाणीयोजनेचा नळ फोटोत नुसता दिसून भागत नाही, त्यातून धार पडताना दिसावी लागते. पाण्याच्या वेळेला घरफोटोवाल्याची वेळ जुळली नाही, तर मालकीणबाई बोअरचे बटण दाबतात.

फोटोखाली मोबाइल नंबर असतो घरफोटोवाल्याचाच, कारण मालकांना फोनची कटकट नको असते. इथून तो नकळत दलाल होतो. शहरातला दलाल एका महिन्याचा किराया घेतो. याला चहा मिळतो, आणि चावी हरवली तर बोल. काही मालक किराएदाराचे आडनाव आधी विचारून घेण्याचे कामही त्याच्या गळ्यात घालतात. जे ते मुकाट्याने करतात, त्यांची कला कितीही चांगली असली तरी हा कोपरा अंधाराच राहतो, तीन फोटो मिसळूनही उजळत नाही. काही जण मात्र आडनाव विचारायला विसरतात. त्यांचे हे विसरणे अगदी नियमित असते.

स्वतः घरफोटोवाला किरायाच्या दुकानात बसतो. दुकान अरुंद असून छत गळते, आणि ते त्याने घेतले तेव्हा पाहूनच घेतले होते. बोथमध्ये खोली बघणाऱ्याने फोटो जरूर पाहावेत, मनापासून काढलेले असतात. येताना मोजायची टेप सोबत आणावी, भिंतीपुढची खुर्ची सरकवून पाहावी, आणि कापसाला भाव आला का, हे आधी फोनवर विचारून मगच निघावे.